ताईंचा चौदा पौंडांचा बॉल

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण गेल्या महिन्यात मी बोलिंगचा नवा बॉल घ्यायला गेले आणि — थांबा, आधी ताईंबद्दल सांगायला हवं.

मंगलताई माझ्या थोरल्या जाऊबाई. सात-आठ वर्षांपूर्वी मुलांना घेऊन आम्ही दोघी नाशिकच्या मॉलमधल्या बोलिंग अ‍ॅलीत गेलो आणि मुलांपेक्षा आम्हीच रमलो. ताई तर अशा खेळायच्या की शेजारच्या लेनवरची पोरं स्वतःचा खेळ थांबवून बघायची. भाऊजींनी त्यांना मुंबईहून खास बॉल आणून दिला होता — चौदा पौंडांचा, गडद निळा. आम्ही जोडीनं स्पर्धा खेळायला लागलो. एकदा पुण्यात चक्क फायनलला पोचलो.

आणि फायनलच्या सकाळी मी म्हणाले, माझा खांदा दुखतोय.

नव्हता दुखत. जराही नाही. मी घाबरले होते. आदल्या दिवशी माझे चार बॉल लेनच्या कडेच्या गटरमध्ये गेले होते, ताईंनी एकटीनं सामना ओढून आणला होता. माझ्यामुळे हरलो असं घरात व्हायला नको — एवढंच. एवढंच होतं का? त्यांच्या शेजारी उभं राहणंच मला नको झालं होतं, असंही असेल.

पण खरं सांगायचंय ते याच्या पुढचं. खांदा कशानं दुखावला, असं भाऊजींनी विचारलं. आदल्या संध्याकाळी ताईंनी हौसेनं त्यांचा बॉल मला दोनदा टाकायला दिला होता. "ताईंचा बॉल जड होता ना..." मी म्हणाले. सगळ्यांच्या देखत. ताईंचा चेहरा — तो मी बघितला नाही. मुद्दामच बघितला नाही.

आमची जोडी बाद झाली. महिनाभर मी हात गळ्यात बांधून फिरले. ताई रोज माझी वेणी घालायच्या, माझ्या वाटणीच्या पोळ्या लाटायच्या. त्या पुन्हा कधी खेळल्या नाहीत. बॉल कुणाला तरी देऊन टाकला. कधी बोलायला हवं होतं मी? पहिल्या दिवशी? दहाव्या? रोज वाटायचं, उद्या सांगू.

यंदा मुलगी शिकायला बाहेरगावी गेली, घर सुनं सुनं झालं आणि मी परत खेळायला लागले. स्वतःचा बॉल घ्यायचं ठरवलं, तर ताई म्हणाल्या, मी पण येते. नको कसं म्हणणार?

दुकानातले काका माझ्या बोटांची मापं घेत होते. ती मुंबईला जातात, तिथून बोटांची भोकं पाडून बॉल येतो. त्यांनी सहज विचारलं, "मॅडम, आधी काही दुखापत?"

मी तोंड उघडायच्या आत ताई बोलल्या, "उजवा खांदा. माझ्यामुळे झालं हो ते."

काकांनी माझा हात वर घेऊन गोल फिरवला. "खांदा तर एकदम मोकळा आहे की!" आता — आता तरी बोल. मी ताईंकडे बघितलं. त्यांचे डोळे भरून आले होते. आनंदानं. "बरी झालीस गं," एवढंच म्हणाल्या.

मी बॉलच्या मांडणीकडे वळले. चौदाचा एक बॉल उचलून बघत होते, तो त्यांनी मला परत ठेवायला लावला. "नको बाई. दहाचाच घे. माझं ऐक." काका हसत त्यांना म्हणाले, "ताई, तुम्ही बघा की उचलून." ताईंनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

मी दहाचा घेतला.

काल तो आला. ताई अ‍ॅलीत मागच्या बाकावर बसून बघत होत्या. बॉल इतका हलका की हातातून वेळेआधीच सुटला आणि सरळ गटरमध्ये गेला. ताई धावत आल्या. "दुखलं का गं?"

मी खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "थोडंसं."