दाराला आईचं लुगडं

"का रं मास्तर, हे घर तुझं हाय का?"

शाळा समितीच्या अध्यक्षांनी भिंतीवरचं चित्र ओढून काढलं आणि माझ्या तोंडासमोर धरलं. वयाने ते माझ्याहून वीस वर्षांनी लहान. मागे गावातली चार माणसं उभी होती, ती हसली. पहिलीची मुलं माझ्याकडे बघत होती.

मी म्हणालो, "न्हाई, अण्णा."

खोटं बोललो. ते घर माझंच होतं.

शाळा धारूरकडच्या डोंगरातली. 'मी आणि माझं घर' हे मुलांनी चित्रातून सांगायचं, असा वरून उपक्रम आला होता. साहेब बघायला येणार होते. तीस वर्षं मी चित्रकला एकाच पद्धतीने शिकवली. फळ्यावर दोन डोंगर, मधे सूर्य, खाली नदी, लाल कौलांचं घर, शेजारी नारळाचं झाड. मुलांनी ते उतरवायचं. आमच्याकडे नारळ कुठे उगवतो, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. त्या दिवशी खांदा धरला होता, हात फळ्यापर्यंत जाईना. म्हणून म्हणालो, "काढा तुम्हाला येईल तसं."

सहा वर्षांच्या एका मुलीने कोपी काढली. आईबाप ऊसतोडीला जातात तेव्हा फडाशेजारी उसाच्या पाचटाची झोपडी घालतात, ती. दाराच्या जागी आईची साडी टांगलेली. आत ती स्वतः, मांडीवर धाकटा भाऊ. बाहेर कोपीपेक्षा मोठा कोयता.

मी तसल्याच कोपीत जन्मलो. आमच्या दाराला आईचं लुगडं होतं. वारा आला की ते तोंडावर यायचं. नोकरी लागल्यापासून हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

"साहेबाला हे दाखवून गावाची लाज घालवतो का? फाड," अध्यक्ष म्हणाले.

मी फाडलं. चार तुकडे केले. त्या मुलीसमोर. मग दुखऱ्या खांद्याने फळ्यावर डोंगर काढले, सूर्य काढला, नारळ काढला आणि तिला नवा कागद दिला.

उतरवता उतरवता ती म्हणाली, "गुरुजी, हे कोनाचं घर हाय?"

"तुझंच."

"मंग माय कुठं निजती ह्याच्यात?"

मी म्हणालो, "गप काढ."

साहेबांना तिचं हे नवं चित्र फार आवडलं. माझ्या निवृत्तीला अध्यक्षांनी तेच फ्रेम करून दिलं. शाल, श्रीफळ आणि ते. मी वाकून घेतलं.

नऊ वर्षं ती फ्रेम माझ्या बैठकीत होती. काढावी, तर सून विचारणार का काढली. ठेवावी, तर जेवताना समोर. नात वहीत तेच घर काढायला लागली. नारळासकट. ती मुलगी सातवीनंतर शाळेत दिसली नाही. आता तिच्या हातात कोयता आहे.

गेल्या महिन्यात शाळेत चित्रांचं प्रदर्शन होतं, माझा सत्कार होता. समितीचे अध्यक्ष आता दुसरे, पण मधल्या खुर्चीत अण्णाच. मी पिशवीतून फ्रेम नेली. बोलायला उठलो.

"अण्णा, तुम्ही विचारलं होतं, हे घर तुझं हाय का. माझं हाय. मी कोपीत जन्मलो. पोरीचं खरं चित्र मी फाडलं आणि हे तिच्याकडून काढवून घेतलं."

अण्णा हसले. "बसा गुरुजी. वय झालं तुमचं."

मी बसलो नाही. फ्रेम टेबलावर पालथी ठेवली आणि चालत घरी आलो.

याने काही फिटत नाही. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतील. ती ज्या फडावर असेल तिथे मी जाणार. माफी मिळावी म्हणून नाही. मी फाडलं, मला कळत असून फाडलं, हे तिच्या तोंडावर सांगायला. तिथल्या कोप्यांमधे जी पोरं असतील त्यांना कागद देईन, रंग देईन.

फळा नेणार नाही.