शेरेबुकातलं खालचं अर्धं पान

सुधाकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी तालुक्याच्या बैठकीत होतो. पडद्यावर ‘विद्यार्थिकेंद्रित शिक्षण’ चाललं होतं आणि आम्ही केंद्रप्रमुख माना डोलवत होतो. वहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले ना हो... सकाळी छातीत कळ आली." बाहेर येऊन भिंतीला टेकलो. रडू आलं नाही, लाज मात्र वाटली. का, ते सांगायलाच हे लिहितोय.

डी.एड.ला आम्ही एका खोलीत राहिलो. पुढे मी साहेब झालो आणि तो घाटंजीकडच्या एका पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर, दोन खोल्यांच्या शाळेत रमला. तिथं वेळापत्रक भिंतीवर असायचं, दिवस मात्र पोरं ठरवायची. सकाळी तो विचारायचा, "आज काय शिकाचं?" मुंग्या म्हटलं की मुंग्या. आधी त्यांच्याविषयी कोलामीत बोलायचं, मग मराठीत लिहायचं, मग मोजायचं. पहिलीत मुकी बसणारी पोरं तिसरीत मलाच उलटे प्रश्न विचारायची... कौतुक वाटायचं, अन् धाकधूकही, कारण वरून आलेल्या नियोजनात मुंग्या नव्हत्या.

एकदा वरून पथक येणार म्हणून मी आधीच भेट दिली आणि शेरेबुकात लिहिलं, ‘वेळापत्रक पाळले जात नाही.’ स्वतःची कातडी वाचवली, दुसरं काय! सुधाकर हसला. "लिही ना बे. फक्त खालचं अर्धं पान सोडजो."

"काहून?"

"पोरायची जागा हाय ते."

मी खांदे उडवले आणि मागची पानं न चाळताच निघालो. त्या शेऱ्यावर सुधाकरला नोटीस निघाली, पाठोपाठ जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला बदली. नवे गुरुजी वेळापत्रकाप्रमाणे शिकवत राहिले, पोरं गळत गेली आणि पट कमी म्हणून शाळेला कुलूप लागलं. सुधाकरनं मला कधी एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

मागच्या आठवड्यात दप्तर ताब्यात घ्यायला त्या बंद शाळेचं कुलूप उघडलं. शेरेबुक चाळलं. प्रत्येक साहेबाच्या शेऱ्याखाली पोरांनी त्या साहेबावर शेरा लिहिलेला. सुधाकरनं तशी रीतच पाडली होती. ‘या मॅडम आमच्यासंगं जेवल्या.’ ‘या साहेबांनी आधी फोटो काढला.’ माझ्या शेऱ्याखाली वाकड्या अक्षरात होतं, ‘हे आमच्या सरांचे दोस्त आहेत. आम्हाला काहीच विचारले नाही.’

त्यापुढे सुधाकरनं लाल शाईनं बरोबरची खूण केली होती.