सुरंगीची राखलेली फांदी

विक्रोळीच्या त्या चाळीत प्रकाशकाका कुठे आहेत असं विचारलं, तर उत्तर ठरलेलं: असतील कुठल्यातरी झाडाखाली. नाव त्यांचं चंद्रप्रकाश. कारखान्यातून निवृत्त झाले, सिद्धेशने बापाच्या हातात कॅमेरा दिला, आणि तेव्हापासून गृहस्थ जे वर बघत चालायला लागले ते लागलेच. पांगारा झाला की बहावा, बहावा झाला की ताम्हण. एकदा ताम्हणाचा तुरा टिपताना मागे मागे सरकत गेले ते थेट इस्त्रीवाल्याच्या टेबलावर जाऊन बसले. तो म्हणाला, काका, बसलाच आहात तर शर्ट तरी काढून द्या.

फूल आज आहे, उद्या नाही, फोटो मात्र राहतो, असं ते ज्याला त्याला पटवत.

एक झाड तेवढं त्यांना कधी मनासारखं मिळालं नाही. ते नेमकं घरचंच. चाळीमागची सुरंगी. बायकोने, मालनने, वेंगुर्ल्याहून माहेरचं रोप आणून लावलेली. आता सुरंगीची गंमत अशी, की कळ्या उन्हं यायच्या आत खुडायच्या, तरच त्यांचा वळेसर होतो. अंबाड्यात माळायचा तो घमघमता गजरा. फुललं की वळेसर गेला. आणि फुलल्याशिवाय फोटो कसला? त्यामुळे दर मार्चात नवरा-बायकोची जुंपायची.

मालन स्टुलावर चढून आकडीने फांद्या ओढायची. काका खालून विनवायचे, एक वर्ष राहू दे गं, अख्खं झाड फुललेलं टिपायचंय मला.

"फुलल्यावर तेचो वळेसर कसो होतलो?" ती वरून म्हणायची. "आणि वासाचो फोटो येता काय तुमच्या त्या डब्यात?"

पण एक फांदी ती त्यांच्यासाठी सोडायची. खुडताना चुकून आपलाच हात जाऊ नये म्हणून तिच्यावर जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची. ती चिंधी दर वर्षी फोटोत यायची. काका कुरकुरत तेवढा भाग कापून टाकायचे आणि चाळभर सांगत फिरायचे, हिच्या चिंधीने माझ्या फोटोची वाट लावली.

यंदा संक्रांतीच्या आधी मालन गेली. साधा ताप म्हणता म्हणता गेली. कॅमेरा कपाटात गेला. मागची खिडकीही काकांनी लावून घेतली.

मार्चात एका सकाळी दूध घेऊन येताना त्यांना सरूबाईने थांबवलं. ती कोपऱ्यावर मासळी घेऊन बसते. पहिला वळेसर दर वर्षी तिच्या अंबाड्यात जायचा. मागं जाऊन तर बघा, म्हणाली.

काका गेले. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत सुरंगी फुललेली. एक फांदी रिकामी नाही. मधमाश्यांचा आवाज असा, की कारखान्यातलं यंत्रांचं खातं सुरू असावं. इतकी वर्षं मागितलेलं झाड समोर उभं होतं. दुधाची पिशवी पायरीवर ठेवून ते धावत घरी गेले, कॅमेरा आणला, डोळ्याला लावला.

मागे येऊन उभी राहिलेली सरूबाई हळूच म्हणाली, "खुडनारीच नाय, म्हनून भरलंय."

कॅमेरा खाली आला.

ते फांद्यांमधून काहीतरी शोधायला लागले. सापडली. गेल्या वर्षीची चिंधी, उन्हापावसाने पांढरी पडलेली. गाठ मात्र तशीच घट्ट. बाकीचं झाड सोडून काकांनी तेवढीच फांदी टिपली, चिंधी मधोमध घेऊन. फोटो हलला. पण या वेळी त्यांनी त्यातलं काही कापलं नाही.

उन्हं चढली तशी फुलं टपटप गळायला लागली. दुपारी झाडाखाली सडा पडला होता. अंबाड्यात घालायला त्यातलं एकही उपयोगाचं नव्हतं.

संध्याकाळी सिद्धेशचा फोन आला. सरूबाईकडून त्याला कळलं होतं. बाबा, अख्ख्या झाडाचा फोटो मिळाला ना एकदाचा, त्याने विचारलं.

"नाही रे," काका म्हणाले. "यंदाही एकच फांदी होती."