डाव्या सीटपुढचा पितळी पंप

मेस्त्री गेले. मला खोटं बोलताना पकडणारा माणूस आज सकाळी गेला.

शीळफाट्याजवळ त्यांचं गॅरेज. गाव मालवणकडचं, घर डोंबिवलीत, आणि उभा जन्म जुन्या गाड्यांखाली आडवा.

आमची ओळख एका मोटारीमुळे झाली.

मोटार जनार्दनशेठची. घोडबंदर रोडला आज जिथे टॉवर आहेत, तिथे त्यांची भातशेती होती. त्यांचे आजोबा धर्मा आधी मिठागरावर राबले, मग एका गोऱ्या साहेबाकडे मोटारीच्या कामाला लागले. साहेबाची उघडी, कापडी टपाची टूरिंग कार एका शर्यतीत पहिली आली. पुढे साहेब देश सोडून गेला आणि गाडी धर्माच्या गोठ्यात गंजत राहिली.

घरात त्या शर्यतीचा फोटो होता. गाडीला हार. आत दोन माणसं. दोघांचेही चेहरे गॉगल आणि धुळीने झाकलेले.

"स्टिअरिंगवर बसलाय तो आमचा आजा," असं घरात सगळे सांगत आलेले.

शेठनी गाडी मेस्त्रींकडे दिली. दसऱ्याला ठाण्याच्या टेंभी नाक्यावर ती मिरवायचं ठरलं. भाषण माझं. फ्लेक्सचा मजकूरही माझाच:

'गाडी साहेबाची, स्टिअरिंग भूमिपुत्राचं!'

मी खूश होतो. असलं वाक्य मिळालं की वक्त्याला पुरावा लागत नाही.

मेस्त्रींना लागायचा.

एक दिवस त्यांचा फोन आला. "जरा येऊन जावा. शेठना पण आणा."

गाडीत डाव्या सीटपुढे, म्हणजे ड्रायव्हरच्या शेजारी बसणाऱ्यासमोर, एक पितळी हातपंप होता. शेठनी सांगून ठेवलेलं, सगळं पितळ बफिंग करून आरशासारखं करा. पण मेस्त्रींची पद्धत वेगळी. पितळ आधी चिंचेच्या पाण्याने धुवायचं, नीट बघायचं, मगच त्याला मशीन लावायची.

चिंचेने काळा थर गेला आणि खाली ठिपके दिसले. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात ना, एकेक ठिपका ठोकून, तसं.

धर्मा.

"आजोबा इथे बसायचे, शेठ," मेस्त्री म्हणाले. "पेट्रोलची टाकी मागे, खाली. पंपाने हवा मारत राहिलं तरच पेट्रोल इंजिनापर्यंत येणार. गाडी साहेब चालवायचा, पंप हे मारायचे."

शेठचा चेहरा उतरला. "कशावरून? नाव काय, कुठं पण टाकतात."

"नाव आपण आपल्या भांड्यावर टाकतो. शेजारच्याच्या नाय."

"मेस्त्री, तुम्ही बफ मारा. नायतर गाडी दुसरीकडे नेतो."

"न्या. माझ्या हातून हे नाव पुसलं जायचं नाय."

दोन वर्षं त्या गाडीवर खपलेला माणूस हे बोलत होता. सांगाडा, लाकूड, चाकं, सगळं त्याने उभं केलेलं. आता फक्त रंग राहिला होता.

मी मध्ये पडलो. शेठच्या बाजूने पडलो, हे आज लिहायलाच हवं.

म्हटलं, "मेस्त्री, आपल्या माणसांना इतिहासात आधीच जागा कमी. एक स्टिअरिंग मिळतंय तर मिळू द्या. तपासायला कोण येतंय?"

ते चिडले नाहीत. हात पुसत म्हणाले, "चला, चक्कर मारू. शेठ, मागे बसा. वक्ते, तुम्ही पंपावर. ह्या हवेच्या मीटरचा काटा खाली आला की मारायचा. बाकी काय काम नाय तुम्हाला."

निघालो कल्याणच्या दिशेने. मी पंप मारत होतो आणि बोलतही होतो. अस्मिता, गुलामी, मातीतली माणसं. बोलता बोलता हात कधी थांबला, कळलं नाही.

चढावर गाडीने दोन आचके दिले आणि बंद पडली.

मागे डंपर, टेम्पो, बस. हॉर्नचा नुसता कल्ला. एक रिक्षावाला बाजूने जाताना म्हणाला, "काका, म्युझियममधून पळवली काय?"

मेस्त्री माझ्याकडे वळले.

"दहा मिनिटं नाय झाली, वक्ते. तो माणूस अख्खी शर्यत पंप मारत होता. धूळ खात, काट्यावर डोळा ठेवून. तो एकदा थांबला असता, तर साहेब पण असाच रस्त्यात उभा राहिला असता."

मी पंप मारायला घेतला.

शेठ मागच्या सीटवरून पुढे झुकले. मग म्हणाले, "नाव राहू द्या मेस्त्री. पण आईला काय सांगू? ती नातवंडांना सांगत आलीय."

त्याच संध्याकाळी तिघे त्यांच्या घरी गेलो. नव्वदीची बाई. धर्मा तिचे सासरे. मेस्त्रींनी जमिनीवर बसून तिला सगळं समजावलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं,

"गारी पयली आली का नाय?"

"आली, आजी."

"मंग तो बी पयलाच आला ना. च्या घ्या."

फ्लेक्स बदलला. दसऱ्याला मी डाव्या सीटवरच्या माणसाबद्दल बोललो.

आयुष्यभर मी मानत आलो की साहेबाच्या जागी आपला माणूस बसवला की न्याय झाला. त्या गाडीत मला कळलं, मी धर्माला त्याच्या स्वतःच्या जागेवरून उठवत होतो. ज्या कामावर त्याने अभिमानाने नाव ठोकलं, त्या कामाची मलाच लाज वाटत होती. आणि मी व्यासपीठावरून इतरांना स्वाभिमान शिकवत होतो.

मागच्या आठवड्यात मेस्त्रींना भेटायला गेलो. बोलताना धाप लागत होती. तरी शेठसाठी निरोप दिला, "गाडी उभी असली तरी पंप अधूनमधून मारत जावा म्हणावं. आतलं चामडं सुकतं."

आज ही बातमी सांगायला शेठना फोन केला. ऐकताच त्यांनी फोन ठेवला.

तासाभराने त्यांचाच फोन आला. "खाली गाडीपाशी होतो. पंप मारत बसलो."

मेस्त्री, हात जोडून निरोप घेतो. सुखाने जा.