तोंडाचा पंचनामा

ढिगातला हरभऱ्याचा एक दाणा आप्पा उचलायचे, धोतराला पुसायचे आणि मागच्या दाढेखाली धरून मान जराशी वाकडी करायचे. कट्ट आवाज झाला की म्हणायचे, "बोलला." दाणा नुसताच चेपला, तर काही न बोलता पुढच्या ढिगाकडे. लातूरच्या आडत बाजारात तुम्ही कधी सकाळी गेला असाल, तर अशी मान वाकडी केलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. ओलावा मोजायचं यंत्र आप्पांच्या आडतीच्या दुकानातही होतं. यंत्राचं आणि दाढेचं जमलं नाही तर ते दाढेचं ऐकायचे आणि कधीमधी चांगले तोट्यात जायचे. "यंत्राला काय चव कळती व्हय?" एवढंच त्यावर त्यांचं म्हणणं.

मूळचे रेणापूरचे. गळ्यात लिंग, कपाळावर भस्माचे पट्टे, आणि आवाज असा की गल्लीच्या त्या टोकाला फेरीवाला थांबायचा. आमचं घर त्यांच्या समोर. नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, कारण त्यांच्या बायकोसकट सगळे त्यांना आप्पाच म्हणायचे. मी वकील झाले तेव्हा पेढे घेऊन गेले, तर पेढा तोंडात टाकत म्हणाले, "बेस झालं माय. भांडायची सवय व्हतीच तुला, आता त्याचे पैसे मिळतील." तेव्हापासून मी वकीलबाई झाले.

साठी उलटली तशा आप्पांच्या खालच्या दाढा हलायला लागल्या. त्याच सुमारास लातुरात दातांचा एक चकचकीत दवाखाना उघडला. मुख्य शाखा नांदेडला. काचेची दारं, एसी, कॉफीचं मशीन. आप्पांना ती कॉफी भलतीच आवडली. जबड्यात स्क्रू बसवायचे, त्यावर पक्के दात. मग हरभरा काय, खडीसाखर फोडा, असं तिथल्या पोरीनं सांगितलं. आप्पा रोख द्यायला तयार होते. "रोख कशाला आजोबा, बिनव्याजी हप्ते आहेत की," म्हणून तिनंच एका फायनान्स कंपनीचं कर्ज काढून दिलं. कंपनीचा माणूस तिथंच टेबल टाकून बसलेला असायचा. आप्पांच्या अर्ध्या तोंडाला तेव्हा भूल दिलेली होती. ओटीपी सांगता येईना, म्हणून त्यांनी मोबाइलच तिच्या हातात दिला. कंपनीनं सगळी रक्कम थेट दवाखान्याला दिली आणि आप्पांच्या खात्यातून महिन्याच्या महिन्याला हप्ता कापला जाऊ लागला.

दाढा काढल्या, स्क्रू बसले. जखमा भरल्या की वर दात बसणार होते. जखमा भरायच्या सोडून जबडा सुजला. दोन स्क्रू हलायला लागले, पू यायला लागला. दाखवायला गेले तर दारावर पाटी, 'नूतनीकरणासाठी बंद'. काही दिवसांनी पाटीही गेली. आप्पा नांदेडला जाऊन आले. तिथंही शटर खाली, आणि शटरसमोर गाल धरून उभी असलेली माणसं. त्यात बिलोलीची एक बाई होती, उमरीचे एक मास्तर होते. दवाखाना बुडाला होता, हप्ते मात्र सगळ्यांचे चालू होते.

हे मला कळलं ते काकूंकडून. काकू म्हणजे आप्पांच्या बायको. एके दिवशी रस्ता ओलांडून आल्या आणि उंबऱ्यातच म्हणाल्या, "तू तरी सांगून बघ माय. दुसऱ्या डॉक्टरकडं चला म्हणलं तर ऐकायलेच न्हाईत. दुधात कुस्करलेली भाकर गिळायलेत नुसती."

मी गेले. आप्पा ओट्यावर बसले होते, वाळून निम्मे झाले होते. एक गाल टमाट्यासारखा.

"आप्पा, दुसऱ्या डॉक्टरला का दाखवत नाही?"

"आन् पुरावा?"

"कसला पुरावा?"

आप्पांनी तोंडाकडे बोट केलं. "पंचनामा झाल्याबिगर हात लावू देत न्हाई म्या. लावला की भरपाई गेली."

तुम्ही आमच्याकडचे असाल तर तुम्हाला हे समजावून सांगायला नको. गारपीट झाली, सोयाबीन पाण्यात बसलं, की पीक तसंच ठेवायचं. तलाठी येऊन बघून जाईपर्यंत रानात पाय घालायचा नाही. रेणापूरला आप्पांचीही जमीन होती आणि हा नियम त्यांनी जन्मभर पाळला होता. आता तो त्यांनी तोंडाला लावला होता. पू गिळत ते सरकारी माणसाची वाट बघत बसले होते.

मला आधी हसू आलं, मग असा राग आला की मी ओट्यावरच ओरडले. "तुमच्या तोंडाला सातबारा नाही, आप्पा! तलाठी येणार नाही. डॉक्टरनं तपासून लेखी अहवाल दिला, फोटो आणि एक्स-रे काढले, की तोच पंचनामा. मग ते स्क्रू काढून टाका आणि जगा."

आप्पांनी सुजलेला गाल चाचपला. "सरकारी डॉक्टर पायजे. शिक्का पायजे."

"सरकारीच."

"आन् पंच?"

पंच म्हणून काकू आणि मी गेलो. सरकारी दवाखान्यातल्या दातांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि घाईत होत्या. त्यांनी कागद पुढे ओढला तसे आप्पा खुर्चीत उठून बसले. "आधी चतुःसीमा लिवा," म्हणाले. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली, आणि सांगायला आनंद वाटतो की त्यांनी खरोखर वर, खाली, डावं, उजवं असं सगळं लिहिलं. नंतर एक्स-रे बघताना मात्र त्यांचा चेहरा बदलला. "हाड बरंच झिजलंय, अजून थोडे दिवस थांबला असतात तर जबडाच गेला असता," त्या म्हणाल्या. काकू लगेच म्हणाल्या, आजच काढा ते स्क्रू.

स्क्रू निघाले, सूज उतरली, आवाज परत आला. मग मी दवाखान्याला आणि फायनान्स कंपनीला नोटिसा पाठवल्या आणि बँकेला हप्ता थांबवायचा अर्ज लिहिला. त्यावर सही करायच्या आधी आप्पांनी पेन खाली ठेवलं. "जिंदगीत कुनाचं थकवलं न्हाई गं," ते म्हणाले. बाजारात त्यांच्या शब्दावर गाड्या भरायच्या, आणि मी त्यांना थकबाकीदार करायला निघाले होते. "थकवत नाही आहोत आप्पा, अडवून धरतोय," मी म्हणाले. त्यांनी सही केली, पण त्या दिवशी बाजारात गेले नाहीत.

पुढं वसुलीचे फोन सुरू झाले. एकदा मी समोरच होते. पलीकडचा पोरगा म्हणत होता, सिबिल खराब होईल. आप्पा म्हणाले, "माझा सिबिल लातूरच्या बाजारात येऊन इचार बाबा. च्या पाजतील तुला." ग्राहक आयोगाचा अंतरिम आदेश आला आणि फोन थांबले. तक्रार आम्ही लातुरातच केली होती. ग्राहक राहतो तिथं करता येते, हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं, म्हणून सांगून ठेवते.

सुनावणीला दवाखान्याकडून कोणी आलंच नाही. कंपनीचे वकील पुण्याहून आले, सुटाबुटात, हुशार. त्यांचं म्हणणं साधं होतं. कर्जाचा करार वेगळा, उपचाराचा करार वेगळा. दात कंपनीनं बसवले नाहीत, कंपनीनं फक्त पैसे दिले. माझा युक्तिवाद झाल्यावर अध्यक्षांनी आप्पांना विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय का? नको म्हणा, अशी मी डोळ्यांनी खूण केली. आप्पा उभे राहिले.

"म्या आडत्या हाय साहेब. शेतकऱ्याचा माल माझ्या दुकानी लागतो, खरेदीदार उचलतो. खरेदीदार पळाला तर शेतकऱ्याला म्या म्हनू का, जा त्याला हुडक? पैसे म्या देतो. कारण दोघांची गाठ म्या घातली, आडत म्या खाल्ली. ही कंपनी दवाखान्यात टेबल टाकून बसली व्हती. गाठ तिनं घातली. आता म्हनती, दात म्या बसवले न्हाईत. मीबी कधी हरभरा पिकवला न्हाई साहेब."

कंपनीचे वकीलसुद्धा हसले. निकालात मात्र आडतीचा उल्लेख नव्हता. कर्ज दवाखान्यातच दिलं, त्याच उपचारापुरतं दिलं, आणि रक्कम ग्राहकाच्या हाती न येता थेट दवाखान्याला गेली, म्हणून दोघंही जबाबदार, असं माझंच म्हणणं त्यात उतरलं होतं. उरलेलं कर्ज रद्द, कापलेले हप्ते परत, नावावरचा डाग पुसायचा आणि वर नुकसानभरपाई. आप्पांनी निकाल दोनदा वाचून घेतला. "माझं काय लिवलंच न्हाई की," म्हणाले, आणि अख्खी संध्याकाळ फुगून बसले.

दवाखान्याचे मालक अजून सापडलेले नाहीत. कंपनीनं पैसे भरले. आप्पांच्या जबड्यात आता स्क्रू बसण्यासारखं हाड उरलं नव्हतं, म्हणून भरपाईतून त्यांनी साधी कवळी करून घेतली. बाजारात ते आता यंत्राचं ऐकायचे आणि त्याचं त्यांना वाईट वाटायचं, हे मला माहीत आहे. पण कवळीचा तोरा वेगळाच. बाहेर निघताना लावायची, घरी आलं की स्टीलच्या वाटीत. उमरीच्या मास्तरांना आणि बिलोलीच्या बाईला त्यांनीच माझ्याकडे आणलं. त्या दोघांना मी बसवून घ्यायच्या आत आप्पांनीच विचारलं, "पंचनामा झाला का? न्हाई? मग वाट कशाची बघायलाव?" त्यांच्या तक्रारी चालू आहेत. त्याही जिंकू.

गेल्या वर्षी थंडीत आप्पा गेले, बसल्या जागी, सकाळचा चहा घेऊन. लिंगायत माणसाला शेवटी आडवं नेत नाहीत. मांडी घालून बसवतात, भस्म लावतात, हार घालतात आणि बसलेलंच नेतात. भिंतीला पाठ लावून आप्पांना बसवलं होतं. गाल आत गेले होते, तोंड उघडं पडत होतं. थोरला मुलगा म्हणाला, फडकं आणा, हनुवटी बांधू.

काकू बायकांतून उठल्या, आत गेल्या आणि वाटी घेऊन आल्या.

"आई, आता कशाला ते?" मुलगा म्हणाला.

"कामून? फुकटचे हायत का? भांडून आनलेत त्यांनी."

काकूंनी कवळी धुतली, पदरानं पुसली आणि कुणाला हात लावू न देता स्वतः बसवली. गाल भरले. चेहरा पुन्हा आप्पांचा झाला, आणि मी दारातच रडायला लागले. विधीला आलेले जंगम स्वामी हार घेऊन थांबले होते. काकूंनी आप्पांच्या हनुवटीखाली तळहात धरला होता आणि तो बराच वेळ काढला नाही.