मामांचा चुकलेला नेम

नवीन माणूस आलं की सुभेदार मामांचा नेम हमखास चुकायचा. एरवी तीनशे मीटरवरच्या परातीएवढ्या काळ्या गोलात दहाच्या दहा गोळ्या घालणारा हा माणूस. पण क्लबात कुणी पहिल्यांदा आलं, मामांच्या शेजारी पालथं झोपलं, की मामांची गोळी आपल्या कागदाला शिवायचीसुद्धा नाही. आम्ही त्यांची थट्टा करायचो. "मामा, पाव्हणे बघून लाजलात का काय?" मामा टोपी काढून डोकं खाजवायचे आणि म्हणायचे, "वय झालं बाबांनो. हात हालतो कवा कवा." त्यांचा हात हललेला मी कधीच पाहिला नव्हता, तरी वर्षभर मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

फौजेतून मामा नाईक म्हणूनच निवृत्त झाले होते, पण गावाने त्यांना परस्पर बढती देऊन सुभेदार केलं होतं. आमच्या सहकारी साखर कारखान्यावर ते पहारेकऱ्यांचे जमादार होते आणि मी प्रयोगशाळेत केमिस्ट. उसातून साखर किती निघेल, तो उतारा काढणं हे माझं काम. मी नोकरीला लागलो आणि पुढच्याच वर्षी पावसाने दडी मारली, ती सलग तीन वर्षं. होता तो ऊस चारा छावणीतल्या जनावरांपुढे गेला आणि गाळप बंद पडलं. बॉयलर थंड, आणि आम्ही पंधरा-वीस जण क्वार्टरसमोरच्या लिंबाखाली टँकरची वाट बघत बसलेले.

कारखान्याच्या क्रीडा मंडळाचा एक रायफल क्लब होता, पण तो नावापुरता. चार रायफली कपाटात कुलूपबंद होत्या, कारण लांब पल्ल्यावर नेम धरायला लागते तशी जागाच नव्हती. पहिल्याच उन्हाळ्यात गावामागचा पाझर तलाव तळापर्यंत आटला. मामा एके सकाळी त्या भेगाळलेल्या तळातून पावलं मोजत पलीकडच्या मातीच्या उंच बांधापर्यंत गेले आणि परत येऊन म्हणाले, "रेंज हाय की ही. आयती. गोळी अडवायला बांध हाय, वर लाल बावटे लावू." कलेक्टर कचेरीत खेटे घालून परवानगीही त्यांनीच आणली. बांधाच्या पायथ्याशी खड्डा खणला, आत बसून टार्गेट वर-खाली करता यावं अशा लाकडी चौकटी केल्या, आणि दर रविवारी सकाळी आमचा क्लब भरू लागला. दुष्काळाने आम्हाला काही दिलं असेल तर एवढंच.

लोक बिचकायचे. बंदूक म्हणजे पाटलांचं नाही तर पोलिसांचं काम, अशी समजूत. आम्ही झाडायचो त्या टोकाला वरून एक पायवाट जायची, तिथे बघे थांबायचे. मामा त्यांना हाक मारायचे, "तिथं कावून हुबा? खाली ये की." आलेल्याला आधी पाणी. फौजेतल्या बाटलीचं झाकण भरून ते पाणी द्यायचे आणि तो पीत असताना त्याचा श्वास न्याहाळायचे. धाप लागलेली असेल तर अर्धा तास नुसतं बसवून ठेवायचे. नाव विचारायचं नाही, आडनाव तर नाहीच. एकदा कारखान्याच्या भांडारातला एक जण हळूच म्हणाला, "मामा, कुणाचा कोण, ते तरी इचारा." मामा म्हणाले, "गोळीला काय ठावं कुणाची हाय? आधी झाडू द्या, मग इचारू."

मग स्वतःची घोंगडी अंथरून ते त्याला झोपवायचे, रायफलीचा दस्ता त्याच्या खांद्यात नीट बसवायचे आणि शेजारच्या जागेवर दुसरी रायफल घेऊन आपण झोपायचे. पहिल्या दिवशी एकच गोळी. "दम धरून ठिवू नको. आर्धा सोड, आर्धा राहू दे. मी तीन म्हणलो की घोडा दाब. आपुन दोगं बराबर झाडू." एक, दोन, तीन. दोन्ही रायफली एकदमच कडाडायच्या. खड्ड्यातला गडी चौकटी खाली ओढायचा, पुन्हा वर करायचा, आणि दुर्बिणीतून दिसायचं की नवख्याच्या काळ्या गोलात भोक पडलंय आणि मामांचा कागद कोरा आहे. "घ्या, सुभेदार हरला," असं म्हणून मामा तो कागद मागवून घ्यायचे, त्यावर तारीख घालायचे आणि नवख्याच्या हाती द्यायचे. असा कागद मिळालेला माणूस पुढच्या रविवारी आलाच म्हणून समजा. ट्रॅक्टरचा ड्रायव्हर आला, दवाखान्यातला कंपाउंडर आला, तो आडनाव विचारू पाहणारा भांडारातलाही असाच आला होता. माझा कागद मी काच लावून क्वार्टरच्या भिंतीवर टांगला होता, लग्नाच्या फोटोच्याही वर. बायको त्यावरून बरेच दिवस टोमणे मारत होती.

वर्षभराने मला क्लबाचा चिटणीस केलं. प्रयोगशाळेतल्या माणसाला वही दिसली की नोंदी एकाखाली एक लावून बघायची खोड असते. एका दुपारी निकालाची वही चाळताना दिसलं की मामांची गोळी वाया गेली ते सगळे रविवार नवीन माणसाचे होते. एकही सुटला नव्हता. आणि पहिल्या दिवशी काळा गोल गाठणाऱ्या बहुतेकांना पुढच्या रविवारी कागदही गाठता आला नव्हता. मामा आपली गोळी शेजारच्याच्या टार्गेटवर घालत होते. आमच्या खेळात ही सगळ्यात लाजिरवाणी चूक. नवशिक्याच्या हातून झाली तरी हसं होतं. ती चूक हा माणूस प्रत्येक नवख्यासाठी मुद्दाम करत होता आणि वर आमच्याकडून हसूनही घेत होता.

हे कळल्यावर मला भरून यायला हवं होतं. मला राग आला. आपल्याला लहान मुलासारखं खेळवलं, असं काहीतरी डोक्यात बसलं. भिंतीवरचा कागद मी काढला नाही, पण त्याच्याकडे बघणं सोडलं. मामांनाही काही बोललो नाही.

त्याच सुमारास वंदना सोनवणे आली. आरोग्य उपकेंद्रातली परिचारिका, बावीस-तेवीस वर्षांची. छावणीतल्या बायका-पोरांना तपासून ती त्या पायवाटेने परत निघाली होती, तेव्हा मामांनी तिला हाक मारली. पाणी झालं, घोंगडी झाली, एक-दोन-तीन झालं. मी मागे उभा राहून टार्गेटवर दुर्बीण लावली होती आणि मनात म्हणत होतो, आणखी एक गिऱ्हाईक. तिने कागद हातात घेतला, भोकावरून बोट फिरवलं, मामांकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि घडी घालून पिशवीत ठेवला. मग मामांनी नाव विचारलं. आडनावावरून जात हेरून मागच्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मामा म्हणाले, "सोनवणे ताई, पुढल्या रविवारी आठाला या." मी त्या दोघांतला नव्हतो, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो आहे.

वंदना शिकली ती मात्र आमच्या कुणापेक्षा भराभर. वारा कसा ओळखायचा ते मामांनी तिला छावणीवरच्या धुरळ्याकडे बोट दाखवून शिकवलं. सहा महिन्यांत ती माझ्या पुढे गेली. मामा उघडपणे म्हणायचे, "हिचा दम बगा. लई थंड." ते ऐकलं की माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

मग विभागीय स्पर्धेचं पत्र आलं. चौघांचा संघ पाठवायचा होता. तिघांची नावं ठरल्यासारखीच होती आणि चौथं माझं, असं मी धरून चाललो होतो. रविवारी झाडणं संपल्यावर तलावाच्या तळातच सगळे बसलेले असताना मामा म्हणाले, "चौथ्या सोनवणे ताई. सायेब, तुमी पुढल्या साली."

मी म्हणालो, "मामा, कुणाचा नेम बघून निवडताय? तिचा का तुमचा?"

कुणाला काही कळलं नाही, म्हणून मी वही उघडून एकेक रविवार वाचून दाखवला. कोण आलं, कुणाला भोक मिळालं, मामांची गोळी कशी हरवली. कंपाउंडरचा चेहरा उतरला. "म्हंजी माजीबी न्हवती?" त्याने विचारलं. "तुझीही नाही आणि माझीही नाही," मी म्हणालो. आणि वंदनाकडे बघून म्हणालो, "तुमचीही नाही." तिने सहा महिन्यांत स्वतःच्या हाताने पाडलेली शेकडो भोकं त्याच वहीत होती. ती पानं मी उलटली नाहीत.

मामा मान खाली घालून घोंगडीची दशी ओढत बसले होते. मान वर न करताच म्हणाले, "खरं हाय. मी लबाडी केली." वंदना उठली. हातातली रायफल पुसून तिने पेटीत ठेवली, "येते मामा" म्हणाली आणि चढ चढून निघून गेली. ती पुन्हा आली नाही. महिन्याभरात तिची सिरसाळ्याला बदली झाल्याचं कळलं. स्पर्धेला चौथा म्हणून मी गेलो. आमचा संघ तळाला राहिला. माझ्या सगळ्या गोळ्या माझ्याच टार्गेटवर गेल्या, एवढं मात्र खरं.

मामा रविवारी येत राहिले. बघ्यांना हाका मारायचे, पाणी द्यायचे, घोंगडीही अंथरायचे. फक्त नवख्याच्या शेजारी झोपायचे नाहीत, मागे उभे राहायचे. त्याचा कागद कोरा यायचा. "हुतंय, पहिल्या दिवशी हुतंय," असं मामा म्हणायचे, पण तो माणूस दुसऱ्यांदा फिरकायचा नाही. मामांचा नेम त्यानंतर कधीच चुकला नाही.

पुढच्या वर्षी पाऊस झाला, तोही पोटभर. तलाव भरला, आमची रेंज, खड्डा, चौकटी, सगळं पाण्याखाली गेलं. मामांनीच पहिला नारळ फोडला. कारखान्याच्या चिमणीतून धूर निघू लागला आणि रायफली परत कपाटात गेल्या. पाणी आल्याचं वाईट वाटतं, असं कोणत्या तोंडाने म्हणणार? मामा नोकरीतून मोकळे होऊन लिंबागणेशला आपल्या गावी गेले.

पाच-सहा वर्षांनी बीडच्या स्टँडवर वंदना भेटली. तिनेच ओळख दिली. मला कुठे तोंड लपवू असं झालं. चहा घेता घेता मी म्हणालो, "त्या दिवशी मी तसं सांगायला नको होतं."

"सर, मला पहिल्याच दिवशी माहीत होतं," ती म्हणाली. "माझी गोळी तलावातच पडली. मधेच धुरळा उडाला, मी बघितला की. सुई टोचताना डोळे मिटायची सवय न्हाई मला."

"मग परत कशाला आलात?"

"माझ्यासाठी आपला नेम चुकवणारं माणूस तोवर भेटलं नव्हतं. म्हणून आले."

"आणि गेलात कशासाठी?" हे विचारायची गरज नव्हती, तरी मी विचारलं.

ती कपाकडे बघत म्हणाली, "तुम्ही चारचौघांत त्यांना मान खाली घालायला लावली. मी तिथं बसून असते तर त्यांनी ती वर केलीच नसती. आणि मी तुम्हाला नको होते, ते कळत होतं की मला." मग तिची गाडी लागली. पायरीवरून वळून म्हणाली, "मामांना तेवढं सांगा सर, मला ठावं होतं म्हणून. ते मनाला लावून घेणारे हायेत. मला सुट्टी मिळंना."

मी पुढच्याच महिन्यात लिंबागणेशला गेलो, मुद्दाम तेवढ्यासाठीच. मामा थकले होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, पण आवाजावरून त्यांनी मला ओळखलं. सुनेला चहा टाकायला सांगितलं. कारखान्याचं विचारलं, माझ्या पोरांचं विचारलं. मग म्हणाले, "सायेब, ती सोनवणे ताई कुठं भेटती का वो कवा?"

शब्द तोंडाशी आले होते. पण तिला ठाऊक होतं म्हटलं, की मामा विचारणार, मग गेली कावून? आणि त्याचं उत्तर मला द्यावं लागणार. मी म्हणालो, "नाही मामा. काहीच पत्ता नाही."

"माझ्या लबाडीनं गेली ती पोरगी," मामा म्हणाले. "लई गुणाची हुती. चुकलंच माझं."

"मनाला लावून घेऊ नका," मी म्हणालो. चहा संपवला आणि एसटीची वेळ झाली म्हणून उठलो. भिंतीला धरत मामा फाटकापर्यंत आले. पुढच्या खेपेला नक्की सांगू, असं मी गाडीत बसल्यावर ठरवलं.

पुढची खेप झाली ती त्यांच्या तेराव्याला. वंदना सिरसाळ्याहून आली होती, आत बायकांत बसली होती. जेवणं उरकल्यावर मी निघालो तशी ती बाहेर आली.

"सर, सांगितलं होतं ना मामांना?"

"हो," मी म्हणालो.

"बरं झालं," ती म्हणाली, आणि पदराने डोळे पुसत आत गेली.