किल्लेदार काकांचं टाकं

कुठल्याही किल्ल्यात पाऊल टाकलं की काकांचा पहिला प्रश्न ठरलेला असे: "पाण्याचं टाकं कुठंय?" ऱ्हाइनकाठच्या गाइडबाई तलवारी दाखवत, झुंबरं दाखवत, काकांचं काही समाधान होत नसे. "वेढा पडला तर झुंबर पिणार का?" असं ते मला हळूच मराठीत विचारत. जर्मनीतल्या डार्मश्टाटमधली आम्ही पीएचडीची मुलं त्यांना किल्लेदारच म्हणायचो.

काकू स्कॉटलंडच्या. त्यांचे वडील तिथल्या एका जुन्या किल्ल्यात माळी होते, त्यामुळे काकूंचं बालपण त्याच आवारात गेलेलं. दर दिवाळीला काका टेरासेवर मातीचा किल्ला करत, तो हाच. आधी जाड भिंतींचा उंच बुरूज, त्याला बोटभर खिडक्या. मग त्याला चिकटून ऐसपैस हवेली, तिला खिडक्याच खिडक्या. मधली काही शतकं काका एका वाक्यात उरकत: "भांडणं मिटली, पैसा आला, बायकांना उजेड हवा झाला." काकू लगेच जोडत, "आणि पुरुषांना शिकारीला कुत्री." अळीव पेरायची खटपट नव्हती, सुपरमार्केटमधली क्रेसे, म्हणजे उगवलेलं अळीवच, डबीसकट मातीत पुरली की हिरवळ तयार. बुरुजावर महाराज बसत. त्याला काकूंची हरकत नव्हती, फक्त हवेलीची धुराडी मोजून सात हवीत.

भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. किल्ल्याच्या अंगणात काका चमच्याने टाकं खणत. "अहो, आमच्याकडे पाणी वरून येतं. रोज येतं," काकू 'र' घोळवत सांगत. "गेनाऊ, गेनाऊ," असं 'अगदी बरोबर' जर्मनमध्ये म्हणत काका खणतच राहत. सकाळी ते टाकं बुजवून काकू शांतपणे चहा पीत बसलेल्या असत. वीस वर्षं हे चाललं होतं म्हणे. मी स्वतः पाच वेळा पाहिलं.

मागच्या उन्हाळ्यात काकू गेल्या. यंदा किल्ला होणार नाही असं मी धरूनच चाललो होतो, तरी दिवाळीला चकल्या घेऊन गेलो. किल्ला तयार होता. सातही धुराडी होती, महाराज होते, क्रेसे होती. आता काकांना अडवणारं कोणी नव्हतं, पण अंगण सपाट होतं.

मी चमचा उचलला. "काका, टाकं राहिलं."

"राहू दे," काका म्हणाले. "खणायला काय लागतंय? पण सकाळी ते तसंच असेल रे."

चमचा धुऊन मी जागेवर ठेवला.